डब्यावरची मोकळी जागा

८ डिसें. ९१, रविवार
उपासनेनंतर महिला मंडळ बसलं. यंदा चर्चचं नाताळचं प्रीतिभोजन आमच्या मंडळाकडे. (इथून पुढे प्री.भो. एवढा मोठा शब्द रोज कोण लिहिणार.) २५ ला सगळे नातेवाइकांकडे पांगतात, म्हणून रवि. २९ ठरली. स्वयंपाक साळवे करणार. बायको गेल्यापासून हा माणूस चर्चमध्ये पेटी वाजवतो आणि मोठमोठे टोप भरून पुलाव शिजवतो, दोन्ही एकाच गंभीर चेहऱ्याने. मी म्हटलं, प्रत्येकीने आपापली बिल्डिंगही बोलवायची. सुचवलं मीच, आता निस्तरायचंही मीच.

१० डिसें.
समोरच्या शाहबेनना आमंत्रण. "अमे बहार जमता नथी, बेन." बाहेर जेवत नाहीत म्हणे. शाकाहारी वेगळ्या चुलीवर करतोय म्हटलं, तर नुसत्या हसल्या. वरच्या तिवारीभाभी: "उस दिन बच्चों का इम्तिहान है." रविवारी, नाताळच्या सुट्टीत. बरं.

परळच्या चाळीत आमच्या करंज्या तळून व्हायच्या आत पोरं दारात उभी असत. इंद्रलोकच्या या बिल्डिंगमध्ये येऊन दोन वर्षं झाली, अजून कोणी आमच्या घरातलं पाणीसुद्धा प्यालेलं नाही. फराळाचं ताट झाकून गेलं, झाकलेलंच परत आलं. पपा म्हणतात मनावर घेऊ नको. मी घेते. बिल्डिंगमधलं एक तरी घर पंगतीला बसलं पाहिजे.

१५ डिसें.
जिन्याखालच्या फळ्यावर लिहून टाकलं: "रवि. २९ रोजी दुपारी चर्चमध्ये प्रीतिभोजन. सर्वांनी सहकुटुंब यावे. — कु. कमल व पपा." पपा म्हणाले, "अगं, नाताळचं असं लिही की." फळ्यावर जागा संपली होती.

१७ डिसें.
नवल. तिवारीभाभींनी जिन्यात हात धरला. "देर से सही, मगर अच्छा किया. हम सब आएँगे." २५ ऐवजी २९ केली म्हणून देर म्हणत असतील. शाहबेन: "अमे बधा आवीशुं." सगळेच येणार म्हणे! मग गालाला हात लावला माझ्या. फळ्यात जादू आहे.

२० डिसें.
साळवे (इथून पुढे सा.) दोन टोप पोचवायला आला. खालून तिवारीजींनी टोप स्वतः उचलून आणले, त्याला खुर्ची दिली, शाहबेनकडून सरबत आलं. तो बिचारा गोंधळून "थँक यू, थँक यू" करत बसला. जाताना मला म्हणाला, "फार चांगली माणसं आहेत तुमच्याकडची." हो म्हटलं.

२२ डिसें.
उलगडा झाला. शाहबेननी विचारलं, मेंदी कधी? कसली मेंदी? मग तिवारीभाभी खाली आल्या. त्यांच्या गावाकडे प्रीतिभोज म्हणजे लग्नाचं जेवण, पत्रिकेत तसंच छापतात. त्यात माझ्या नावामागे कु. आणि ठिकाण चर्च. बिल्डिंगभर माझं लग्न लागून गेलंय. सदतिसाव्या वर्षी.

"सब्जी जल रही है" म्हणून घरात पळाले.

पपा हसून हसून खोकले. "येऊ देत की. जेवल्यावर सांग." नाही. फसवून जेवायला बसवायचं नाही. पण खरं सांगितलं तर एक जण येणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

२३ डिसें.
दारोदार जाऊन सांगितलं. लग्न नाही, नाताळचं जेवण आहे, तरी या. तिवारीभाभी "अच्छा" म्हणाल्या आणि जमिनीकडे बघत राहिल्या. शाहबेन "ठीक छे". दार हळूच लावलं. घरी येऊन रडले. लाज कमी वाटली, वाईट जास्त वाटलं.

२५ डिसें.
नाताळ. पेटी छान वाजली. बाहेर सा.ला सांगितलं, आमच्याकडचे बहुधा येणार नाहीत. का ते सांगितलं नाही. तो म्हणाला, "तांदूळ मी कमी करणार नाही."

२९ डिसें., रवि.
आले. सगळे आले. पहिली पंगत उठत होती तेव्हा दारात शाहबेन, बांधणी नेसून, मागे तिवारी, मागे अख्खा जिना. तिवारीजींच्या हातात स्टीलचा मोठा डबा. वर्गणी काढून केबिन रोडच्या भांडीवाल्याकडून आधीच घेऊन ठेवला होता, नाव घालून. दुकानदार परत घेईना.
"अब नाम डल गया तो क्या करें," तिवारीभाभी म्हणाल्या, "सोचा, खाना खा के ही दे दें."

शाहबेन वेगळ्या चुलीजवळ बसून पुलाव जेवल्या. दुसऱ्यांदा मागून घेतला. पाणीही प्याल्या. मी पाहिलं, आणि वाढायचं सोडून उगाच उभी राहिले. फार, फार बरं वाटलं.

मग डबा. सा.ने हातात घेऊन मोठ्याने वाचलं: "चि. सौ. कां. कमल व चि..." आणि थांबला. पुढे काही नाही, गुळगुळीत स्टील.
"दूल्हे का नाम किसी को मालूम नहीं था," तिवारीजींनी खुलासा केला. "दुकानवाला बोला, जगह छोड़ता हूँ. बाद में डालेगा, मुफ्त."
सगळे हसले. सा. हसला नाही, कानापर्यंत लाल झाला. उरलेला पुलाव त्याने त्याच डब्यात भरला, पेणकरपाड्यात त्याच्या शेजाऱ्यांना द्यायला.

५ जाने. ९२
डबा आलेला नाही. चर्चमध्ये सा. पेटीवरून मान वर करत नव्हता. पपा: "विचार की त्याला." एका डब्यासाठी मी नाही विचारणार. शाहबेनकडून हांडवो आला, त्यांचा तो डाळतांदळाचा तिखट केक, झाकलेला. आम्ही ताट रिकामं परत नाही पाठवलं.

११ जाने.
केबिन रोडला गाळणं घ्यायला गेले. भांडीवाल्याने हाक मारली. "मॅडम, आपका डिब्बा इधर है. साळवे साब रख के गये."
कशाला?
"नाम डालने को. मैंने पूछा, क्या नाम? बोले, पहले मॅडम से पूछो, उनको चलेगा क्या."

डबा घासूनपुसून वरच्या फळीवर ठेवला होता. मी गाळणं घेतलं, नको असताना चमचेही घेतले. बघते, म्हटलं.

घरी पपा: "डबा मिळाला?" दुकानात आहे म्हटलं. "पोचा आलाय का?" नाही म्हटलं. माझ्याकडे बघून त्यांनी चहा स्वतः ठेवला.

दुकान आठला बंद होतं, रविवारी उघडतच नाही. सोमवारी ऑफिसातून जरा लवकर निघायला हवं.