कोराच्या गाण्यातली शिट्टी

हॅडन क्रीक, ओहायो
५ फेब्रुवारी १९२४

ती. लायमनदादास, हेट्टीचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेला रेडिओ धड पोचला. काचेचा व्हॉल्व्ह गवतात गुंडाळलास ते बरं केलंस. टपालवाल्याने खोका आपटलाच. कानाचा फोन एकच आणि ऐकणारे पाच, म्हणून शेजारच्या प्रुइटबाईंच्या सांगण्यावरून तो चिनी मातीच्या वाडग्यात ठेवते. मग सगळे वाडग्यात डोकी घालतात.

रेडिओ का मागवला ते तू जाणतोसच. आपली कोरा चोवीस तारखेला, रविवारी दुपारी तीनला, क्लीव्हलँडहून गाणार. थिएटरात गायला ती घर सोडून गेली त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून बाबांनी तिचं नाव टाकलंय. त्यांना पंचाहत्तरावं लागलंय, खोकला हटत नाही. एकदा तरी त्यांनी तिचं गाणं ऐकावं, एवढंच मला हवंय. मी विचारलं तर म्हणाले, रविवारी मला कोठारात ओट निवडायचे आहेत. ज्या माणसाने उभ्या जन्मात रविवारी कामाला हात लावला नाही, तो!

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी हेट्टी

पिट्सबर्ग
११ फेब्रुवारी १९२४

चि. हेट्टीस, अ. आ.

बाबांच्या नादी लागू नकोस. ओट तरी निवडून होतील.

आता नीट वाच. तुझ्या रेडिओत व्हॉल्व्ह एकच. लहरींतून आवाज वेगळा काढायचं काम त्याचं. डावं बटण फिरवलं की निघालेल्यातलं थोडं परत त्याच्याच तोंडी जातं आणि आवाज वाढतो. पण हाव करायची नाही. जास्त फिरवलंस की शिट्टी सुटते, आणि ती तुझ्यापुरती राहत नाही. छपरावरच्या तारेतून आसपासच्या सगळ्या रेडिओंत शिरते. आमच्या गल्लीत यावरून मारामाऱ्या झाल्यात. शिट्टी आली की बटण मागे घ्यायचं, बस्स. माझा पहिला रेडिओ कोठाराच्या माळ्यावर पडलाय, तो कुणाला देऊ नकोस. तो हात लावताच किंचाळतो.

आवाज वाढवणारा दुसरा व्हॉल्व्ह जोडून द्यायचा विचार आहे, पण चोवीसपर्यंत जमणार नाही.

सगळ्यांना विचारल्याचं सांग, तूही तब्येतीला जप.
लायमन

हॅडन क्रीक
२५ फेब्रुवारी १९२४

ती. दादास, सा. न. वि. वि.

कालचं काय सांगू! दिवाणखान्यात नऊ माणसं वाडग्याभोवती. कोराचं नाव पुकारलं, दोन ओळी लख्ख ऐकू आल्या, आणि मग डुक्कर कापताना ओरडतं तशी शिट्टी. मी बटण पार मागे घेतलं तरी थांबेना. गाणं संपलं तरी ती चालूच. गावात दुसरा रेडिओ प्रुइटांचाच, म्हणून सगळे त्यांच्यावर उखडले. पण ते तर आमच्याकडेच केक खात बसले होते.

मला रडू फुटलं. बाबांना सांगायला निघाले, की झालं एकदाचं तुमच्या मनासारखं. कोठाराजवळ पोचले तर पवनचक्कीवरून एक तार खिडकीत गेलेली. आत बाबा धान्याच्या पेटीवर, पुढ्यात तुझा जुना रेडिओ, त्याला आपल्या फोर्डची बॅटरी, आणि डावं बटण शेवटापर्यंत पिळलेलं. कानाचे फोन काढायचंही त्यांना सुचलं नाही. म्हणाले, पोरीचा आवाज फार बारीक येत होता गं, म्हणून वाढवत गेलो. मग विचारलं, ती पुन्हा कधी गाणार?

तूच कोराला विचार.

लवकर लिही, वाट बघतेय.
हेट्टी

हॅडन क्रीक
१० मार्च १९२४

चि. कोरा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायची सवय मोडली आहे. तू येत्या रविवारी, सोळा तारखेला, पुन्हा गाणार असं लायमनने कळवलं. त्याचा दुसरा व्हॉल्व्हही आला. आता म्हणे आवाजासाठी जोर करावा लागत नाही.

मागच्या खेपेस तुझं गाणं मीच बुडवलं. चर्चमध्ये उभं राहून सगळ्यांना तसं सांगितलं, प्रुइटची माफी मागितली. पहिल्या दोन ओळी मात्र ऐकल्या. श्वास अजूनही चुकीच्या जागी घेतेस, लहानपणी घ्यायचीस तसाच.

रविवारी मी दिवाणखान्यात सगळ्यांबरोबर बसेन. बटणाला हात लावणार नाही. तू गा.

तुझे बाबा