छपराचा निकाल आणि माझे घर

मी, खाली सही करणारा, वय एक्याऐंशी, निवृत्त न्यायाधीश, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. नोकरीत असताना तो कोणी मागितला नाही, हे माझे नशीब.

१. राहते घर मी माझ्या मुलीला देतो. पहिल्या मसुद्यात मी लबाडी केली होती. "जो मला शेवटपर्यंत सांभाळेल त्याला घर" असे लिहिले, म्हणजे दोन्ही मुले धाकात राहतील. चहाला आलेल्या माझ्या जुन्या सहकारी न्यायाधीशाने ते वाचून कप खाली ठेवला.

"अरे शहाण्या, तुझ्याच निकालाने घर मुलाला जाईल. तो वरच्या मजल्यावर राहतो. मुलगी दोन गल्ल्या पलीकडून येते, म्हणजे ती पाहुणी."

मुलगी सहा वर्षे रोज दोनदा येते, औषधे देते, माझी नखे कापते. मुलगा जिना उतरताना "बरे आहात ना?" विचारतो आणि उत्तर येईपर्यंत फाटकाबाहेर असतो.

२. तो निकाल असा. एका शिक्षिकेने आपल्या दोन खोल्या 'सांभाळणाऱ्याला' म्हणून लिहून ठेवल्या. तिची भाची समोरच्या घरातून येऊन नऊ वर्षे तिचे सगळे करत होती. शिक्षिकेच्याच घरात राहणारा दीर तिला पाणीही विचारत नव्हता. मी लिहिले, "सांभाळ एकाच छपराखाली होतो," आणि खोल्या दिराला दिल्या. वाक्य मला इतके आवडले की खटला त्यात कोंबला. आम्हा तिघांच्या खंडपीठातले तिसरे न्यायाधीश "सहमत" लिहून मोकळे झाले. याच सहकाऱ्याने एकट्याने वेगळे मत दिले: कोण कुठे झोपतो ते पाहू नका, हाक मारल्यावर कोण येतो ते पाहा. मी चार वर्षे त्याच्याशी बोललो नाही. आपला तो बाब्या, या न्यायाने मी माझे वाक्य मिरवत राहिलो. खालच्या न्यायालयांनी ते आजवर एकोणचाळीस खटल्यांत वापरले. त्या एकोणचाळीस घरांचे काय झाले, हे मी कधी विचारले नाही.

३. मुलाला माझी कायद्याची सर्व पुस्तके. तो वाचणार नाही, पण वर चढवताना दमेल, एवढे समाधान मला पुरे. घराबाबत त्याने कोर्टात जरूर जावे. मुलीचा उल्लेख स्पष्ट आहे, कोणाला अर्थ लावायला जागा ठेवलेली नाही.

४. सहकाऱ्याला माझी काठी द्यायची होती. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, म्हणून त्याची फक्त माफी मागतो. ती मालमत्तेत मोडत नाही.

५. ती भाची आता भाड्याच्या खोलीत शिवणकाम करते. माझ्या पश्चात तिला त्या निकालाची प्रत पोचवावी. शेवटच्या पानावर मी लिहिले आहे, "हा निकाल चुकला. तुमचे घर मी घालवले." या ओळीला कायद्यात कवडीची किंमत नाही. तिच्यासमोर जाण्याची माझी छाती होत नाही.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: नऊ मार्च
सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार पहिला, डॉक्टर: सही माझ्यासमोर केली. शुद्धीत होते, नेहमीपेक्षा जास्तच.

साक्षीदार दुसरा, सहकारी: सही माझ्यासमोर केली. कलम पाचशी असहमत. माफी मेल्यावर पाठवायची नसते. उद्या दहाला तयार राहा, मी गाडी घेऊन येतो.