दात नसलेलं कडं

ता. ५ ऑक्टोबर

ती. काळजीवाहू दादास,
सा. न. वि. वि.

तुझं औषधांचं दुकान आणि गिऱ्हाइकांचे खोकले जोरात चालू आहेत असं धरून थेट मुद्द्यावर येते, कारण तू पत्र शेवटून वाचतोस. येत्या रविवारी मी बाबांना डोंगरावर घेऊन जाते आहे. होय, त्याच. ज्याचा नकाशा त्यांनी कचेरीतल्या टेबलावर वाकून तीन वर्षं काढला आणि ज्याच्या पायथ्याशीही ते कधी गेले नाहीत.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी परवा स्पष्टच सांगितलं. वाचणं गेलंच आहे. लांबचं ढोबळ दिसतं, तेही पुढच्या वर्षी दिसेल याची खात्री नाही. घरी परतल्यावर जिन्यात बाबा म्हणाले, की एकदा माथ्यावर उभं राहून बघायचंय, मी काढलं तसंच आहे का ते. आयुष्यात स्वतःसाठी त्यांनी मागितलेली ही पहिलीच गोष्ट असेल. मला नाही म्हणवलं नाही. गुडघे त्यांचे ठणठणीत आहेत, आणि माझ्या गुडघ्यांचं तर विचारूच नकोस. लिफ्ट दुरुस्त करणारीला आधी जिनेच चढावे लागतात.

रागावलास तरी चालेल, पण थोडी माया शिल्लक ठेव.

तुझी,
धाकटी

ता. ७ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात ठेवून काउंटरवर उभा राहिलो आणि एका बाईंना खोकल्याऐवजी पोटाचं औषध देणार होतो, यावरून काय ते समज. तरी नको म्हणत नाही. मी तिथे असतो तर मीही नेलं असतं, तेवढं धाडस मला झालं असतं की नाही हा प्रश्न वेगळा.

अट एकच. ढग खाली उतरले की जिथे असाल तिथून मागे फिरायचं. बाबा ऐकणार नाहीत, हट्टाला पेटले की ते कुणाचंच ऐकत नाहीत, आणि तू नेमकी त्यांच्या वळणावर गेली आहेस. म्हणून अट तुला घालतो आहे. कोरडे मोजे दोन जोड घे.

दोघं परत या, मग हवा तेवढा लोभ करीन.

तुझा,
दादा

ता. १३ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दोघं धड घरी आलो, हे आधी. माथा झाला नाही, हे नंतर. आता सावकाश वाच.

निम्म्याच्या वर चढ होईपर्यंत छान ऊन होतं. बाबा माझ्या पिशवीचा पट्टा धरून चालत होते आणि पुढे काय येणार ते आधीच सांगत होते. आता वाट उजवीकडे वळेल, आता झरा लागेल. वळायची. लागायचा. कधी न पाहिलेल्या डोंगरावर माणूस स्वतःच्या घरात वावरावा तसे चालत होते. मग ढग उतरले. तुझी अट मला आठवत होती, खोटं कशाला सांगू. पण माथा तासाभरावर होता आणि बाबांकडे पुढचं वर्ष नव्हतं. मी फिरले नाही.

दगडांवरच्या रंगाच्या खुणा दिसेनाशा झाल्या तेव्हा होकायंत्र आणि बाबांचाच नकाशा काढला. त्यांना वाचता येत नाही म्हणून वाऱ्यात ओरडून सांगितलं, की समोर एक टेकाड आहे, नकाशावर एकात एक चार कडी काढली आहेत, त्यावर चढलो की पुढे माथाच. बाबांनी विचारलं, की कड्यांना आतून दात आहेत का. दात म्हणजे काय मला ठाऊक नव्हतं, नुसती गोल कडी आहेत म्हटलं. तर ते मटकन खाली बसले, पट्टा ओढून मलाही बसवलं, आणि म्हणाले की आता परत. मी भडकले. इतकं चढून आता कच खाता का, असं बोलून गेले.

तेवढ्यात ढग फाटला. दादा, टेकाड नव्हतंच. आमच्यापासून दहा पावलांवर डोंगर संपला होता. एवढा प्रचंड खड्डा, की आपली अख्खी गल्ली त्यात ठेवली तर शोधावी लागेल. काळ्या उभ्या भिंती, त्यांवरून पाण्याच्या धारा, आणि पायाखाली कितीतरी खोल पक्षी घिरट्या घालत होते. पाण्याचा आवाजसुद्धा वरपर्यंत पोचत नव्हता. भीती वाटायला हवी होती. पण आधी वाटलं ते एवढंच, की आपण किती एवढेसे आहोत, आणि का कोण जाणे, बरं वाटलं. बाबांनी टोपी काढली. मिनिटभरात ढग पुन्हा मिटला, गारा सुरू झाल्या आणि आम्ही उतरलो.

तेव्हापासून मी दिसेल त्याला सांगत सुटले आहे, की आमच्या बाबांना डोंगर पायांनी कळतो. बाबा मात्र ते ऐकलं की उठून आत जातात. माथा राहिल्याचं दुःख असणार. त्यांना दोन ओळी लिही.

मला चार शिव्या दिल्यास तरी लोभच पोचला असं धरीन.

तुझी,
धाकटी

ता. १९ ऑक्टोबर

चि. थोरल्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर धाकटीचं, मजकूर माझा. तुझं पत्र तिनं वाचून दाखवलं. माथा राहिला म्हणून मी खट्टू आहे असं तुम्ही दोघांनी परस्पर ठरवलंत. तसं नाही. ही मुलगी माझं कौतुक सांगत गावभर फिरते आहे आणि ते माझ्या घशाखाली उतरत नाही. काल टपालवाल्यानं मला सलाम ठोकला.

नकाशावर उंचीच्या रेषेचं कडं मिटलं की ते टेकाड. खड्डा असेल तर त्याच कड्याला आतून बारीक रेघा द्यायच्या. आमच्या कचेरीत त्यांना दात म्हणत. मोजणीवाल्यांच्या कागदावर त्या खड्ड्याला दात होते. मी द्यायचे विसरलो. छापून आल्यावर दिसलं. साहेबांना उद्या सांगू म्हटलं, आणि तो उद्या निवृत्तीपर्यंत उजाडला नाही. तिथे मरायला कोण जातंय, असं चौतीस वर्षं मनाला सांगत राहिलो. माझीच मुलगी गेली, माझाच कागद वाचत. मला डोंगर पायांनी कळला नाही. माझी चूक आठवली, तीही दहा पावलं उरल्यावर.

टोपी काढली ती माफी मागायला. पण समोर जे होतं त्याला माझ्या माफीचं काहीच नव्हतं. मी ते अंगठ्याच्या नखाएवढं काढलं होतं, रे. उरल्यासुरल्या डोळ्यांनी ते खरं केवढं आहे ते पाहिलं. माथ्याचं आता काही वाटत नाही. कचेरीला पत्र धाडतो आहे, चूक माझ्या नावानिशी कबूल करून.

लिहिणारीचा पेन मघापासून अडखळतो आहे. रागावली असेल तर तो तिचा हक्क आहे. पण ती खिडकीकडे पाठ करून बसली आहे आणि मला चेहरा दिसत नाही, म्हणून काय ते कळत नाही.

दोघांवर सारखीच माया असलेला,
बाबा

ता. क. दादा, हे माझं. वरचं सगळं एक शब्द इकडचा तिकडे न करता उतरवलं. मग उठून खुर्ची फिरवली आणि उजेडाकडे तोंड करून अगदी त्यांच्या समोर बसले. हल्ली त्यांना कडेकडेनंच दिसतं, म्हणून त्यांनी मान तिरकी केली आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, की हसते आहेस, म्हणजे रागावली नाहीस. मी रडत होते. त्यांची ही चूक मी दुरुस्त केली नाही.