चार टेबलं, एक हात

प्रिय चिमणे,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू पत्र न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता सुनेकडून लिहून घेतला. ही लबाडी आहे, मान्य. आता फोडलंच आहेस तर क्रमाने वाच. कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. या वेळी तसं करू नकोस.

आधी बातमी. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला आपल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या निवृत्त मंडळींचा मेळावा आहे, जुन्या इमारतीमागच्या सभागृहात, सकाळी दहाला. तू एकदाही आलेली नाहीस. का येत नाहीस हे कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक आहे असं सगळे समजतात. तुझ्या हातून तो कॉल तुटला, तुला बोर्डावरून उठवलं, त्याची लाज वाटते म्हणून तू येत नाहीस, अशी त्यांची ठाम समजूत. या वर्षी मला भाषण करायला सांगितलं आहे. विषय, 'बोर्डावरचे दिवस'. मी होकार दिला आहे, एका अटीवर. ती शेवटी सांगते.

आता हसू नकोस. मी पोकर खेळते. कॉम्प्युटरवर, एका वेळी चार स्पर्धा. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तीन महिने घराबाहेर पडायचं नाही असं डॉक्टरने बजावलं. सून दुपारनंतर भाषांतराचं काम करते आणि सकाळी अकरा ते एक पुढच्या खोलीत पडद्यावर पत्ते मांडून बसते. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, या घरात जुगार चालणार नाही. ती म्हणाली, आई, या फुकटच्या स्पर्धा आहेत, दमडी लागत नाही. मी म्हटलं, मग वेळेचा जुगार. त्यावर ती मान वर न करता म्हणाली, तुम्ही एक टेबल सांभाळून दाखवा, मग बोला. तू मला ओळखतेस. बोर्डावर चाळीस लाइनी सांभाळलेल्या बाईला एक टेबल सांभाळून दाखव म्हणणं म्हणजे काय, ते तिला आठवड्यात कळलं.

खेळ तसा सोपा आहे. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच. पत्ते बरे असतील तर लावायचं, नसतील तर टाकून द्यायचं आणि गप्प बसायचं. सगळ्यांना सुरुवातीला सारख्या सोंगट्या मिळतात, त्या संपल्या की तुम्ही बाहेर. मला ते टाकून देणं फार जमतं. सून म्हणते, आई, तुम्ही पत्ते टाकता ते आम्हाला ओरडल्यासारखं. एका टेबलावर मात्र कंटाळा येतो, बहुतेक वेळ दुसऱ्यांची वाट बघण्यात जातो. म्हणून दोन घेतली, मग चार. चार टेबलं पडद्यावर एकावर एक रचलेली असतात. ज्या टेबलावर तुझी पाळी येते ते आपोआप वर येतं, टिंग वाजतं आणि तुला पंधरा सेकंद मिळतात. तू उत्तर दिलंस की ते खाली जातं, दुसरं वर येतं.

चिमणे, पहिल्यांदा ते टिंग वाजलं तेव्हा माझा हात आपोआप वर गेला, बोर्डावरची दोरी उचलायला. तिथे दोरी नव्हती, चहाचा कप होता, तो सांडला. सुनेने फडकं आणून पुसून घेतलं. पण त्या दिवसापासून मला रोज बोर्ड दिसू लागला. तू डावीकडे, मी उजवीकडे. दिवा लागला की दोरी लावायची, पलीकडचा नंबर जोडायचा, बोलणं संपून जोडीचे दोन्ही दिवे लागले की दोरी ओढायची. तुझ्या निम्म्या दोऱ्या माझ्या भागात यायच्या, माझ्या तुझ्या भागात. हातांची नुसती जाळी व्हायची आणि तरी आपला एकमेकींना कधी धक्का लागला नाही. नवी मुलगी आली की सगळे तुझ्याकडे बोट दाखवायचे, हिच्यासारखं काम करा. माझ्याकडे बोट दाखवायचे ते, हिच्यापासून सांभाळा. मला 'छडी' हे नाव तूच ठेवलंस, आणि ते मला अजूनही आवडतं.

गेल्या महिन्यात मी एका स्पर्धेत शेवटच्या नऊ जणांत पोचले. सहाशे जणांनी सुरुवात केली होती. बाकीची तीन टेबलंही चालू होती. त्या स्पर्धेच्या, म्हणजे पहिल्या टेबलावर मला एक्क्यांची जोडी आली, खेळातले सगळ्यात चांगले दोन पत्ते. पाळी यायला अजून अवकाश होता, तेवढ्यात तिसरं टेबल वर आलं. एक्क्यांच्या नादात मी त्याचे सेकंद जाऊ दिले. तिथे सात आणि दोन, नुसता कचरा. ते टाकायला मी बोट हलवलं आणि पुढच्याच क्षणी एक्के गेले. पहिल्या टेबलावरचे. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, यंत्र बिघडलं आहे, हे माझ्या हातून झालेलं नाही.

सून आली. शांतपणे म्हणाली, बघू. हा खेळ प्रत्येक डावाची नोंद ठेवतो, कुणी काय केलं, कितव्या सेकंदाला. तिने नोंद उघडून माझ्यापुढे धरली. तिसऱ्या टेबलाची माझी मुदत संपली आणि यंत्राने आपणच तिथले माझे पत्ते टाकले, त्याच क्षणी पहिलं टेबल वर आलं आणि माझं बोट त्याच्यावर पडलं. आई, ती म्हणाली, यंत्राने तुम्हाला दोन्ही टेबलं दाखवली. तुमचा हात आधीच निघाला होता, तुम्ही पाहिलं नंतर. सगळ्यांचं होतं असं. मी तिला म्हटलं, माझं होत नाही. ती म्हणाली, मग हे कुणाचं नाव आहे?

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चार टेबलं लावली, जिंकायला नव्हे, पाहायला. वही घेऊन बसले. दोन तासांत तीच चूक तीनदा झाली. तिन्ही वेळा मला आधी वाटलं, मी नाही केलं. तिसऱ्या वेळी मी पेन खाली ठेवलं, कारण 'हे माझ्या हातून झालेलं नाही' हे वाक्य मी कधी लिहिलं होतं ते आठवलं. बोलले नव्हते, लिहिलं होतं, अहवालात, सही करून.

तो कॉल तुला सांगायला नको. परगावी असलेला बाप, ऑपरेशनसाठी तयार केलेली मुलगी, आणि होकार मागणारा सर्जन. होकार यायच्या आत दोरी निघाली, पुन्हा जोडायला पावणेदोन तास लागले. मुलगी वाचली, पण बापाने तक्रार केली आणि चौकशी लागली. तुझं म्हणणं एकच होतं, माझ्या दोरीचे दिवे लागलेच नव्हते, मी ती का ओढीन? फार साधा प्रश्न होता तो. मी पाळीप्रमुख होते, म्हणून साहेबाने मला विचारलं, आणि मी लिहिलं की हे माझ्या हातून झालेलं नाही, दोरी शेजारच्या, म्हणजे तुझ्या जागेवरून ओढली गेली. तुला खालच्या मजल्यावर कागद लावायला बसवलं. वर्षभरात तू नोकरी सोडलीस. जिन्यात मला भेटलीस तेव्हा एवढंच म्हणालीस, छडे, तू तरी नीट आठवून बघ.

आता आठवून बघितलं आहे, चौतीस वर्षं उशिरा. माझ्या जोडीचे दोन्ही दिवे लागले, मी दोरी ओढायला हात घातला, त्याच क्षणी वरच्या रांगेत घंटी वाजली आणि माझी नजर वर गेली. हात मात्र थांबला नाही. मग खाली पाहिलं तर माझी दोरी होती तिथेच. मनात आलं, ही अजून कशी इथे? आणि मी ती मुकाट्याने ओढून ठेवली. आधी ओढली होती ती तुझी. चिमणे, हे मला गेल्या महिन्यात नव्याने कळलं असं म्हणणं खोटं होईल. मला त्याच सेकंदाला अर्धं कळलं होतं. उरलेलं अर्धं मी कळू दिलं नाही, कारण पाळीप्रमुखाच्या हातून असं होत नसतं. आपल्या बोर्डाला नोंद ठेवणारं यंत्र नव्हतं. माझा शब्द हीच नोंद होती, आणि ती मी चुकीची केली.

टेलिफोन खात्याच्या कचेरीत जाऊन आले, काठी टेकत. म्हटलं, चौकशीच्या कागदाला माझं निवेदन जोडून घ्या. कारकून म्हणाला, बाई, ते कागद केव्हाच रद्दीत गेले, आता कशाला जोडता? म्हणजे ती चूक आता फक्त त्या तीसएक माणसांच्या डोक्यात शिल्लक आहे, आणि ती सगळी बारा तारखेला एका खोलीत बसणार आहेत. माझी अट हीच होती, की मला मध्ये कुणी थांबवायचं नाही. कॉल मी तोडला, अहवाल मी लिहिला, आणि चिमणीने एकदाही खोटं सांगितलं नाही, एवढं मी बोलणार आणि खाली बसणार. तू आलीस तरी बोलणार, नाही आलीस तरी. माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. पण हे तुझ्यामागे बोललं जाऊ नये असं मला वाटतं, मागे बोलणं पुष्कळ झालं, म्हणून हे पत्र. मंचाजवळ दोन खुर्च्या ठेवायला सांगितल्या आहेत, तुझी माझ्या डावीकडे, बोर्डावर होती तशी. आता मी चारही टेबलं खेळते, पण वर काय आलं आहे ते पाहिल्याशिवाय हात उचलत नाही. त्या दिवशीही तो माझ्या मांडीवर राहील, तू आपणहून हात पुढे करेपर्यंत.

तुझीच, तू अजून म्हणू देत असलीस तर,
छडी