व्याह्याच्या म्हशीचा पीळ

मळ्यावरून,
कार्तिक महिना, दिवाळी झाल्यावर

रा. रा. रंगरावजी, व्याहीबुवा, यांच्या सेवेशी उकंडरावचा दोन्ही हात जोडून रामराम. विहीणबाई सत्यभामाबाईले दंडवत सांगा, अन् घरातल्या लहान-मोठ्याइले ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे आशीर्वाद नाही तर नमस्कार, तुमच्याच हातानं वाटून द्या. तुमचा गुडघा आता कसा आहे ते कळवा. (धाडच्या बाजारात तुम्ही लंगडत होते, पण मिरचीच्या भावावरून भांडताना बिलकूल लंगडत नव्हते, म्हणून मले नीट अंदाज आला नाही.) इकडे आम्ही समदे खुशाल. माही पोरगी, म्हणजे तुमची सून कोकिळा, तिले नववा महिना लागला आहे, चिंचा खाते अन् माय रागावली की हासते.

अन् म्हैस जिती आहे. हे मी आधीच लिहून टाकतो. पत्र वाचून दाखवणारा जो कोणी असल त्यानं ही ओळ दोनदा वाचावी, तुमाले पाणी द्यावं, अन् मंगच पुढं जावं. कारण पुढची हकीकत अशी आहे की मधूनच कोणी ऐकली तर त्याले वाटल म्हैस गेली, अन् मी इथी बसून व्याह्याले फसवून राह्यलो.

मागच्या होळीले तुम्ही ती मले अर्ध्यानं पोसाले दिली. म्हैस तुमची, चारा माहा, व्याली की दूध अर्धं अर्धं. अशा म्हशीची काळजी माणूस स्वतःच्या म्हशीपेक्षा जास्त घेते. स्वतःची मेली तर रडून मोकळं होता येते, व्याह्याची मेली तर पोरीले जन्मभर ऐकावं लागते. (तुम्ही काही बोलणार नाही हे मले माहीत आहे. विहीणबाईही बोलणार नाहीत. पण न बोलताही भांडी आपटता येतात.) म्हणून आमची मंडळी, म्हणजे सोजरा, आधी म्हशीपुढं सरकीची ढेप ठेवे अन् मंग माह्यापुढं ताट. मी एक डाव कुरकुर केली तर म्हणे, तुम्ही काय दूध देता काय.

तर बुधवारी सकाळपासून म्हैस उठबस कराले लागली. शेपटी उचले, कण्हे, मागं वळून स्वतःच्याच पोटाकडे पाहे, पण पुढं काही होत नव्हतं. तवा तानाबाईले बोलावलं. तानाबाई आमच्या गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं, मी सुद्धा, म्हणून तिच्यापुढं कोणाचं काही चालत नाही. म्हशीचं काम तिचं नव्हे, पण ती म्हणे बाईचं काय अन् म्हशीचं काय, देवानं वाट एकच ठेवली. तिनं म्हशीले हळद लावली अन् हुकूम सोडला की घरात जिथी जिथी गाठ असल ती सोडा, कुलूप असल ते उघडा, म्हणजे हिचीही वाट मोकळी होईल. हा रिवाज तुमच्याकडेही आहे. पण तुमच्याकडे दोन-चार गाठी सोडून लोक थांबत असतील, तानाबाई थांबत नाही. पेटीचं कुलूप उघडलं. सोजराची अन् कोकिळाची वेणी सोडली. खाटेची सुंभं सोडली (आता आम्ही समदे भुईवर निजतो). माह्या पागोट्याचे पेच सोडले. धोतराच्या गाठीपाशी येऊन ती जराक थांबली, ते तिचे उपकार. मंग ती गोठ्यात गेली, दोन्ही बैलाइची दावी सोडली अन् बैलबंडीचे दोरही सोडले. सगळ्या गाठी सुटल्या, म्हशीची तेवढी सुटली नाही. बैलं जे मोकळे झाले ते थेट शेजाऱ्याच्या कपाशीत, अन् बंडी अंगणात मोडल्या खाटेवाणी पडली.

तवा तुमची सून बोलली. केस मोकळे, पोट पुढं, कंबरेवर हात. म्हणे, बाबा, मामंजींची म्हैस आहे, गाठी काय सोडत बसले, चिखलीले ढोराइचा दवाखाना आहे तिथी न्या तिले. तानाबाई तिच्याकडे अशी पाहे की जशी म्हैसच बोलली. पण मी दोर हातात घेतला. बंडी नाही, बैल नाहीत, म्हणून दोन कोस पायी. मी पुढं, पुतण्या शेषराव मागं, अन् मधात तुमची म्हैस, चार पावलं चालली की थांबे अन् कण्हे. एक डाव बसली ते उठेच ना. मी रस्त्यात तिच्या कानाशी बसून म्हणलं, बाई, माह्यासाठी नाही, माह्या पोरीसाठी ऊठ. उठली बिचारी. रस्त्यानं भेटणारा हरेक जण नवा इलाज सांगे. एकानं तर म्हशीले सोडून मलेच काढा प्याले सांगतला, माह्या तोंडाकडे पाहून.

दवाखान्यात पोचलो तर समोर मांडव. मले वाटलं कोणाचं लगन आहे. लगन नव्हतं, थोरले डॉक्टर वाकोडे यांची बदली झाली होती अन् त्यांचा निरोप चालला होता. गळ्यात झेंडूचा हार, अंगावर शाल, बाजूले बायको, अन् बाहेर टांग्यात ट्रंका लादून ठेवलेल्या, कारण संध्याकाळच्या एस.टी.नं त्याइले मेहकरले जाचं होतं. त्यांच्या जागी आलेले धाकटे डॉक्टर पेंढारकर, नागपूरच्या कॉलेजातून नवेच पास झालेले, इस्तरीची पँट, दुसऱ्या खुर्चीवर. अन् उभं राहून भाषण करत होते कापसाचे अडते पुंजाजीभाऊ. तुम्ही त्याइले पाह्यलं असल. ते बंडीत बसले की बैल मागं वळून पाहते. ते सांगत होते की वाकोडे साहेबांनी मुक्या जिवांची सेवा केली, अन् तितक्यात हा मुका जीव मांडवात शिरून बरोबर त्यांच्यापुढं बसला. मी खांबाले टेकून उभा राह्यलो. शेषरावनं सांगतलं की सकाळपासून अडली आहे.

आता दोघाइत पंचाईत अशी, की चार्ज दुपारीच देऊन झाला होता. थोरले डॉक्टर म्हणे, मी आता या दवाखान्याचा कोणी नाही. पण असं म्हणता म्हणता त्यांनी शाल बायकोच्या हाती दिली, सदरा काढला, अन् साबण मागतला. (हार काढाचं राहून गेलं, तो शेवटलोक गळ्यात होता.) धाकट्यांनी आधी हात घालून पाह्यलं. म्हणे, आत पीळ बसल्यावाणी लागते. मंग थोरल्यांनी हात घातला, डोळे मिटले, अन् म्हणे, बरोबर आहे तुमचं, पीळ बसला आहे. तुमाले समजंल असं सांगतो, मलेही त्यांनी तसंच सांगतलं. आपण धोतर धुऊन पिळतो ना, तशी आतली पिशवी पिळली होती. रेडकाले बाहेर याची वाटच नाही. अन् पिशवी तर आतून फिरवता येत नाही, म्हणून मंग म्हैसच फिरवाची.

हे ऐकून मी दोन्ही डॉक्टराइकडे पाह्यलं. मले वाटलं निरोपाच्या भांगेचा परिणाम असल. पण ते इमानदारीनं बोलत होते. म्हैस आडवी पाडाची, पाय बांधाचे, पोटावर एक लांब फळी तिरपी ठेवाची, फळीवर वजनदार माणूस उभा कराचा म्हणजे आतलं रेडकू जागच्या जागी दबून राह्यते, अन् मंग दोर ओढून म्हैस झटक्यानं पालटाची. फळीची गोष्ट धाकटे कॉलेजात शिकले होते. थोरल्यांनी आजलोक म्हशी फळीबिगरच पालटवल्या होत्या, पण ते म्हणे, तुमची पद्धत करू, मलेही पाह्याची आहे. बारा वर्षं नोकरी केलेला माणूस पहिल्या दिवसाच्या पोरासमोर असं म्हणते, हे मी तरी आमच्या गावात पाह्यलं नाही.

पण फळी कुठून आणाची? महाराष्ट्र झाल्यावर दवाखान्याले नवा सागवानी बोर्ड लागला होता, दारावर, ह्या टोकापासून त्या टोकालोक. धाकट्यांनी वर पाह्यलं, थोरल्यांनी वर पाह्यलं, अन् चपराशानं दोघाइकडे पाहून कपाळावर हात मारला. बोर्ड उतरवला. ‘पशुवैद्यकीय दवाखाना’ ही अक्षरं वर करून तो म्हशीच्या पोटावर ठेवला. राह्यला वजनदार माणूस. समदे पुंजाजीभाऊकडे पाहाले लागले. ते म्हणे, माहं भाषण अर्धं राह्यलं. थोरले म्हणे, राहू द्या, सेवा पुरी करू. अन् भाऊ जोडे काढून बोर्डावर चढले, शेषरावच्या खांद्यावर हात ठेवून, लगनातल्या नवरदेवावाणी.

पहिल्या खेपेले निरोपाले आलेले समदे दोराले लागले, अन् डॉक्टरनं उजवीकडे म्हणताच अर्धे आपल्या उजवीकडे ओढत होते अन् अर्धे म्हशीच्या. म्हैस जागची हालली नाही, दोन मास्तर तेवढे एकमेकाइच्या अंगावर पडले. मंग ठरलं की टांग्याच्या बाजूले ओढाचं. दुसऱ्या खेपेले म्हैस पालटली पण भाऊ बोर्डावरून थेट पेढ्याच्या टोपलीत. थोरल्यांनी हात घालून पाह्यलं, मान हालवली. अर्धाच सुटला म्हणे. म्हैस आता कण्हतही नव्हती. बाहेर टांगेवाला आरोळी देत होता की गाडी सुटते, अन् डॉक्टरीणबाईनं त्याले सांगतलं, सुटू दे, ट्रंका उतरव. व्याहीबुवा, तवा मले तुमचं घर दिसाले लागलं, चुलीपाशी खाली मान घालून बसलेली कोकिळा दिसली. मी डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या खेपेले भाऊ स्वतःहून चढले. समद्याइनं एकदम ओढलं. थोरले डॉक्टर मातीत पालथे पडून, खांद्यालोक हात आत, अन् एकदम म्हणाले, सुटला. नुसतं तेवढंच. मंग जे पाणी आलं ते त्यांच्या अंगावर, हारावर, धाकट्यांच्या इस्तरीच्या पँटवर. दोघाइनं मिळून रेडकू ओढलं. ते श्वास घेत नव्हतं. धाकट्यांनी त्याले मागच्या पायानं उलटं धरलं, नाकातला चिकटा स्वतःच्या बोटानं काढला, नाकात गवताची काडी फिरवली, छातीले चोळलं, अन् चोळतच राह्यले. मंग ते शिंकलं. मी रडलो. पुंजाजीभाऊही रडले, पण ते म्हणतात पेढ्याच्या टोपलीनं पाय मुरगळला म्हणून.

टोणगा झाला. (विहीणबाईनं नाक मुरडू नये. आपल्या लोकाइचा न्यायच उफराटा, म्हशीले पोरगी पायजे अन् सुनेले पोरगा.) पण त्या दोन डॉक्टराइनं नर का मादी हे पाह्यलं सुद्धा नव्हतं, मी विचारलं तवा पाह्यलं. म्हशीनं थोड्या वेळानं मान लांब केली अन् थोरल्यांच्या गळ्यातला झेंडूचा हार खाल्ला. ते म्हणे, भूक लागली म्हणजे जगते. म्हशीची वार पडेलोक दोघंही उठले नाहीत. मी पाया पडाले गेलो तर एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं, अन् दुसऱ्यानं म्हशीकडे. सकाळी मी दोघाइच्या घरी वांगी अन् कोथिंबीर टाकून आलो. आता जिंदगीभर त्याइच्या दारी माह्या मळ्याचा भाजीपाला जाईल, अन् थोरल्यांचा मेहकरले. मले आभार मानाची भाषा येत नाही, वांगी येतात.

निघताना थोरल्यांनी विचारलं, इतका उशीर काऊन केला. मी तानाबाईच्या गाठीची हकीकत सांगतली. समदे हासले, ते नाही हासले. म्हणे, घरात कोणी बाळंत व्हायचं आहे का? मी म्हणलं, हाव, पोरगी. ते म्हणाले, म्हैस दुसऱ्याची होती म्हणून दोन कोस चालवत आणली. पोरगी आपली आहे म्हणून घरीच ठेवाल का? मले जनका आठवली. तुमाले माहीत नसल, माही धाकटी बहीण जनका अशीच अडली होती. दोन दिवस. तवाही तानाबाईच होती अन् तवाही घरातली समदी कुलपं उघडली होती. तानाबाईचा दोष नाही, तिले जे येते ते तिनं केलं. पण जनका गेली, अन् लेकरूही. घरी पोचलो तर माह्या मनात काय आहे ते सोजरानं माहं तोंड पाहूनच ओळखलं.

असो. पत्र लांबलं. मोठ्याइनं मोठ्या मनानं घ्यावं. लहान तोंडी मोठा घास झाला असल तर पाणी पिऊन गिळावा.

तुमच्या पायाची धूळ,
उकंडराव

ता.क. टोणग्याचा अर्धा वाटा तुमचा आहे. पुढचा घेता की मागचा ते कळवा. पुढच्याले चारा घालावा लागते, मागचं तुमाले माहीत आहे.

ता.क. दुसरं. पत्र लिहाचं खरं कारण हे, की कोकिळाचं बाळंतपण बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात व्हावं अशी माही विनंती आहे. तिले धाडताना विहीणबाई म्हणाल्या होत्या की आमच्या घराण्यातली सून दवाखान्याची पायरी चढली नाही. त्या बोलल्या ते मानानं बोलल्या, मी मोडत नाही. म्हणूनच हात जोडून विचारतो. म्हैस तुमची होती, तुमाले न विचारता मी तिले नेलं, अन् ती वाचली. पोरगीही तुमचीच आहे, तर तिच्यासाठी विचारून राह्यलो.

ता.क. तिसरं. काल बुलढाण्याले जाऊन नाव लिहून आलो. सोबत तानाबाईही होती, ती म्हणे मलेही पाह्याचं आहे काय करतात ते. पोरीचे दिवस भरत आले आहेत, म्हणून तुमचं उत्तर ‘हाव’ असलं तर तारेनं कळवा. ‘नाही’ असलं तर साध्या कार्डानं, सवडीनं, गुडघा बरा झाल्यावर लिहा.