पाणी मीटरचे बाण

४ तारीख, सोमवार. सकाळ.
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बाळी झोपली, हे झोपले, मीच जागी. कारण काल यांच्या फोनवर एक बाण आला. नुसता बाण. ↑ असा. ना अक्षर, ना काही. नंबर 'पाणी मीटर' म्हणून सेव्ह केलेला. यांनी उलट ↑ धाडला.
मीटर कधी कुणाला मेसेज करतं का?
ठरवलं. रडायचं नाही. यांना विचारायचं नाही. आधी पुरावा.

दुपार. रडले. पण थोडंच.

५ तारीख.
हे आंघोळीला गेले तेव्हा फोन उघडला. लॉक बाळीच्या जन्मतारखेचं. मला संशय येऊ नये म्हणूनच ठेवलं असणार.
आत दोन महिन्यांचे बाण. रोज सकाळी सहाला ↑. मधे एका शनिवार-रविवारी तेवढा ↓. अन् त्याच रविवारी यांना म्हणे कारखान्यात जादा पाळी होती!
सासूबाईंशी आपलं बोलणं बंद आहे, बाळीच्या नावावरनं वाजलं तेव्हापासून. यांनाही शपथ घातलीय, तिकडे फोन करायचा नाही. तेवढं तरी ऐकतात. बाकी माणूस हातचा गेला.

६ तारीख.
मोबाईल दुकानदाराला विचारलं, मैत्रिणीचं म्हणून. म्हणाला, वहिनी, असले बाण साध्या कीबोर्डात पटकन सापडत नाहीत, कुठनं तरी कॉपी करून ठेवावे लागतात. बोट दाबून धरायचं, कॉपी, मग तिकडे पेस्ट. कुणीतरी मेहनत घेतलीय.
मेहनत! माझ्या वाढदिवसाला नुसता अंगठा धाडला होता.
दुकानदार म्हणाला, मैत्रिणीला सांगा, रडू नका. त्याला कसं कळलं?

७ तारीख.
खालच्या शिवणवाल्या काकूंना सांगितलं. सुई दातात धरून म्हणाल्या, वरचा बाण म्हणजे गच्ची गं, एवढं कळत नाही?
बाळीला घेऊन गच्चीवर दोन तास बसले. कुणी आलं नाही. हे कामावर आहेत हे वर गेल्यावर आठवलं. बाळीचं नाक उन्हानं लाल. पण गच्ची नाही एवढं तर कळलं. तपास पुढे सरकतोय.

८ तारीख. संध्याकाळ.
सापळा लावला. हे कामावरनं येऊन आंघोळीला गेले, मी त्यांच्या फोनवरनं ↓ धाडला. बघू बया काय करते.
पाच मिनिटांत उत्तर. →
मग →→→→
हा आडवा बाण आजवर कधीच आला नव्हता. ती निघाली! इकडे!
आत्ताचे सगळे बाण पुसून टाकले. भावाला फोन केला, उद्या सकाळी टेम्पो घेऊन ये, बाळी, मी आणि कपाट. कपाट माझं आहे. तो म्हणाला, ताई, दाजींना विचार तरी एकदा. म्हटलं, तू भाऊ आहेस का वकील?
बाळी बापाच्या मांडीवर हसतेय. तिला काय ठाऊक, उद्या मांडी नाही.

९ तारीख. सकाळी सात.
बेल वाजली. लाटणं घेऊन दार उघडलं.
सासूबाई. एका पायात एक चप्पल, दुसऱ्यात भलतीच. मला बाजूला सारून आत. माझं लेकरू कुठंय, काय झालंय त्याला? हे तोंडात ब्रश धरून उभे.
वरचा बाण म्हणजे बरं आहे. खालचा म्हणजे बरं नाही. आडवा म्हणजे निघाले. सासूबाईंना लिहितावाचता येत नाही, म्हणून यांनीच फोन घेऊन दिला, यांनीच शिकवलं. बोललो असतो तर घरात ऐकू गेलं असतं, असं हे भिंतीकडे बघत म्हणाले. म्हातारी रात्रभर तीन बस बदलून आलीय.
मग त्या म्हणाल्या, पण खालचा बाण धाडला कुणी? हे म्हणाले, मी नाही. दोघांनी माझ्याकडे बघितलं.
म्हटलं, बाळीनं दाबलं असेल.
सात महिन्यांची पोर. पण सासूबाईंनी तिला उचललं, म्हणाल्या, हुशार आहे, माझ्यावर गेलीय. मला पहिल्यांदाच राग आला नाही. डोकं शांत ठेवलं होतं म्हणून निभावलं.

साडेसात.
सासूबाई विचारतायत, एवढ्या पिशव्या भरून कुठं निघालीस? म्हटलं, आवराआवर. भाऊ निघाला असणार, दोन हमाल घेऊन. घर एका खोलीचं, भावाचा आवाज असा की फोनमधला चौघांना ऐकू जातो. आणि मेसेज तो बघत नाही.
ही वही खिडकीतनं काकूंच्या ओट्यावर टाकतेय. काकू असोत, गिऱ्हाईक असो, ज्याच्या हाती पडेल त्यानं मागची पानं वाचू नयेत. नंबर पुठ्ठ्यावर आहे. माझ्या भावाला फोन करा. म्हणावं, टेम्पो असेल तिथनं फिरव. ताई मजेत आहे. बाकी काही सांगू नका, फक्त लवकर फोन करा.