तांबडखारचं मैदान बुजवू नये म्हणून

मी, धोंडुबाई महिपती घरत, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पूर्वी मिठागरात मजुरी, हल्ली काही नाही, राहणार तांबडखार, तालुका पेण, जिल्हा रायगड, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि कोणाचं काही ऐकून न घेता हे लिहून ठेवते. माझी शुद्ध ठिकाणावर असल्याचा दाखला वडखळच्या डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, "वाराचं काय घेऊन बसलात, आजची भरती किती वाजता ते सांगते." त्यांनी लगेच शिक्का मारला.

लिहिणारे हैबतराव शिर्के, रोह्याचे निवृत्त दस्तलेखक. फुटबॉलमध्ये ते रोह्याच्या संघाचे, म्हणजे दुश्मनाच्या गोटातले, पण अक्षर मोत्यासारखं. मी सातवी शिकलेली आहे. मी सांगेन ते तसंच्या तसं उतरवायचं असं आमचं ठरलं आहे. मधेच ते पेन थांबवून म्हणतात, "धोंडुबाई, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हणते, बसवा.

कलम १. मी मेल्यावर आमच्या क्रीडा मंडळाने मैदानावर एक मिनिट शांतता पाळू नये. त्या मैदानावर मी आयुष्यात एक मिनिट शांत बसलेली नाही. रेफ्रींनी माझं तोंड बंद करायला दोनदा खेळ थांबवला होता, तरी झालं नाही. काही करायचंच असेल तर बायकांनी बांधावर उभं राहून एकदा पोटातून ओरडावं. बस.

कलम २. राहतं घर, मागचं कुंपणाचं आवार, म्हणजे वाडगा, आणि त्यातले दोन नारळ माझी सून दिपिका सुशील घरत हिला देत आहे. माझा मुलगा सुशील याला या मृत्युपत्रात एक विटेचा तुकडासुद्धा ठेवलेला नाही. गावात लगेच कुजबुज होईल की म्हातारीने राग काढला. राग आहे, तो पुढे येईलच. पण हे रागाने केलेलं नाही. या कागदावर दुसरा साक्षीदार म्हणून मला सुशीलचीच सही हवी आहे, आणि ज्याला वाटा त्याची साक्ष घेऊ नये असा हैबतरावांचा दंडक आहे. सुशीलने सही केली तर मागाहून कोर्टात जाऊन "आई भ्रमिष्ट झाली होती" असं त्याला म्हणता येणार नाही. तो सही करील की नाही, मला ठाऊक नाही. दोन वर्षं तो माझ्याशी जेवण आणि औषध एवढंच बोलतो.

कलम ३. हातातल्या पाटल्या आणि पोस्टातली शिल्लक माझी मुलगी नूतन, राहणार खांब, हिला. नूतनला फुटबॉलमधलं काही कळत नाही आणि कळत असल्याचं ती सांगतही नाही. असा शहाणपणा आमच्या घरात एकटीकडेच आहे.

कलम ४. सामन्यांना मी बडवते ती पितळी परात माझी मैत्रीण शकू म्हात्रे हिला. मधोमध पोचा आहे तो तिथेच राहू द्यावा, आवाज त्याच्यामुळेच येतो. मीठ ओढायचं लाकडी फावडं जगन पाटील याला. जगन आमच्या राखीव संघाचा गोलकीपर, वय अडतीस, गुडघा गेलेला. त्याला हे का, ते सहाव्या कलमात.

कलम ५. आता मूळ भांडण. २०११ साली आपल्या मंडळाने रोह्यात खाडीकाठ चषक जिंकला. गावातून नऊ टेम्पो गेले. चुलीवर भात टाकून बायका निघाल्या, तो भात कोणी उतरवला ते आजपर्यंत कळलेलं नाही. शेवटच्या मिनिटाला एकच गोल झाला आणि तो सुशीलने केला. केला म्हणजे, बॉल त्याच्या ढुंगणाला लागून आत गेला. हैबतराव हसतायत. हसा! रोहा हरलं त्या दिवशी.

चषक माझा नवरा महिपती याने डोक्यावर घेऊन गावात आणला. देवळापुढे मोठ्या टोपात चहा केला, तो चषकात ओतला, आणि बांधाखालच्या एकेचाळीस घरांतल्या एकेका माणसाने त्यातून एकेक घोट घेतला. महिपतीने घोट घेतला आणि म्हणाला, "साखर कमी हाय." त्याच श्रावणात तो गेला. सामन्याला आला तेव्हाच त्याच्या अंगात फार काही उरलं नव्हतं.

पुढे सुशील मंडळाचा अध्यक्ष झाला आणि त्याच्या डोक्यात लीग शिरली. जिल्हा लीगमध्ये आपण दुय्यम गटात, अव्वल गटात जायचं. त्याचंही म्हणणं लिहून ठेवते, माझ्या पश्चात कोणी म्हणू नये की एकच बाजू सांगितली. तो म्हणायचा, "आये, चषक म्हंजे एका दिवसाचं नशीब. माज्याच ढुंगणावरनं गेला नाय काय? लीग म्हंजे मीठ हाय. रोज थोडं थोडं पिकतं, हंगामभर राबलं का मग रास दिसते. नशिबावर लीग नाय जिंकता येत." वर गेलं की पोरांवर कंपन्यांची नजर जाते, कोणाला नोकरी लागते, हेही सांगायचा. लागत असेल. मी खोडत नाही. मिठागरवालीच्या पोटचा आहे, दाखला बरोबर दिला.

पण मीही मिठागरवालीच. मी त्याला म्हटलं, "मीठ पिकतं हंगामभर, व्हय, पण बांध फुटतो एकाच दिवशी. त्या दिशी घरटी एक मानूस चिखलात उतरतो. तवा कोनी बोललं का मी उद्यासाठी अंग राखून ठेवतोय, तर त्याला गाव काय म्हनंल?" चषकाचा सामना हा तसला दिवस. हरलात तर संपलं, म्हणून सगळे येतात. आणि लीगमध्ये वर जाऊन करायचं काय? तिथून आणखी वरचं दिसणार, मग तिथे जायचं. जिंकल्यावर चहा कशातून पिणार? गुणतक्ता भिजवून? मैदानात धावणाऱ्याला वर जायचं असतं. बांधावर उभं राहून घसा फोडणाऱ्याला एक दिवस हवा असतो, जो नातवंडांना सांगता येईल. "आम्ही त्या वर्षी दुसरे आलो आणि वर गेलो" हे सांगायला बसलात तर नातवंड उठून जाईल.

कलम ६. १८ फेब्रुवारी २०२४, रविवार. रोह्यात चषकाचा उपांत्य सामना होता, आणि पुढच्या रविवारी आपल्या मैदानावर लीगचा शेवटचा सामना, जिंकला की अव्वल गट. सुशीलच्या समितीने ठराव केला की चषकाला राखीव पोरं पाठवायची, मुख्य अकरा जणांचे पाय लीगसाठी ताजे ठेवायचे. आम्हा बायकांना हे कोणी सांगितलं नाही. आम्ही चाळीस जणी परात घेऊन रोह्याला गेलो, आणि बघतो तर गोलात जगन, गुडघ्याला पट्टा बांधून.

सहा गोल झाले. सहाव्यानंतर जगन जाळ्यातून बॉल काढताना आमच्याकडे बघेना. शेजारची रोह्याची बाई मला म्हणाली, "तुमची चांगली पोरं आली नाय काय गो?" या एका वाक्याचा राग मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि मेल्यावरही विसरणार नाही म्हणून इथे लिहून ठेवते. जगनने जे झेललं ते त्याचं काम नव्हतं. उभं केलं तिथे तो उभा राहिला. म्हणून माझं फावडं त्याला.

कलम ७. हे कलम सुशीलने सही करण्याआधी स्वतः वाचावं.

आपलं मैदान म्हणजे जुनं मिठागर, खाडीच्या भरतीपेक्षा खाली. बांध आहे म्हणून कोरडं. बांधात पाण्याचं दार आहे, त्याला आपण उघाडी म्हणतो. तीन फळ्या खाली सोडल्या की खाडी बाहेर, वर ओढल्या की आत. शनिवार, २४ फेब्रुवारी, माघी पौर्णिमा, उधाणाची भरती पाऊण वाजता. गाव एका हळदीला जेवायला गेलं होतं. मी भर दुपारी, उघड्या उन्हात, उघाडीच्या तिन्ही फळ्या काढल्या. चाळीस वर्षं हेच काम केलंय, कोणाची मदत लागली नाही. तासाभरात गोलपोस्टच्या कमरेपर्यंत पाणी आलं. रविवारी सामना झाला नाही. मैदान राखणं घरच्या संघाचं काम, म्हणून सामना समोरच्यांना बहाल केला, आणि अव्वल गट गेला.

होय, मी केलं. ज्यांनी आमचा एक दिवस परस्पर विकला, त्यांचा एक दिवस मी खाडीला दिला. आणि माघी पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी घरचा सामना घेणारी समिती, ही म्हणे खाडीकाठच्या खारेपाटातली माणसं! पंचांग तरी बघायचं.

मात्र त्या अकरा पोरांची मी माफी मागते. ती वर्षभर राबली होती, आणि ठराव काही त्यांनी केला नव्हता.

आणि सुशीलचं. गावाला वाटलं, जुन्या फळ्या उधाणाने उपटून नेल्या. उघाडीची देखरेख मंडळाकडे, म्हणजे अध्यक्षाकडे. गावसभेत त्याला सगळ्यांदेखत बोलले, "ज्याला तीन फळ्या राखता येत नाय तो मंडळ काय राखनार?" तो मान खाली घालून उभा होता. मी बायकांच्या रांगेत बसले होते. माझं तोंड, जे बांधापलीकडच्या गावाला ऐकू जातं, ते त्या दिवशी उघडलं नाही. फळ्या काढल्याची मला लाज वाटत नाही. गप्प बसल्याची वाटते, रोज वाटते.

कलम ८. मैदान. गट नंबर १७, माझ्या बापाकडून मला मिळालेली जमीन, सातबारा माझ्या एकटीच्या नावे. तिचा तळ मी आणि महिपतीने अनवाणी पायांनी तुडवून घट्ट केला आहे. त्या उधाणानंतर समितीने ठरवलं की पुन्हा पाणी शिरू नये म्हणून कमरेइतका भराव टाकायचा. अव्वल गटाचा नियमच आहे म्हणे, मैदान बारमाही कोरडं पाहिजे. वडखळचा एक ठेकेदार भराव फुकट टाकायला तयार आहे, कारण त्याला कचरा टाकायला जागा हवी. संमतीपत्र सुशीलने माझ्या उशाशी दोन महिने ठेवलंय. म्हणजे माझ्याच करणीने हा भराव दारात आला. ते मला कळतं, म्हणून निस्तरतेही मीच.

मोठ्या उधाणाला बांधावरून चढलेलं पाणी आज या खोलगट मैदानात साठतं. भराव पडला तर ते जायचं कुठे? बांधाखालच्या एकेचाळीस घरांत. शकूची चूल पहिली विझेल.

म्हणून हे मैदान मी त्या एकेचाळीस घरांना मिळून देत आहे. हैबतराव म्हणतात त्यासाठी विश्वस्त संस्था करावी लागते. करावी. घराला एक मत, मंडळाला एकही नाही. भराव टाकायचा तर एकेचाळीसच्या एकेचाळीस मतं लागतील, एक घर नाही म्हणालं की नाही. चषकाच्या सामन्याला मुख्य संघच जाईल. घरचे सामने ठरवताना भरती बघावी. लीग खेळू नका असं मी म्हणत नाही. खेळा, जिंका, वर जा, मी वरून परात वाजवीन. पण वर जायला पायाखालचं गाडायचं नाही.

कलम ९. हा कागद पूर्ण झाल्यावर पोलीस पाटील वैशालीताईंसमोर मी सही करीन आणि सुशीलला बोलावणं धाडीन. त्याने वाचावं आणि सही करावी. नाही केली तर त्याच्या जागी दुसरं कोणी घ्यावं, पण मग सगळ्यांनी समजावं की पोराने मला माफ केलं नाही, आणि तो त्याचा हक्क आहे. त्याला शेजारी काही लिहायचं असेल तर हैबतरावांनी अडवू नये. मीही अडवणार नाही. एवढं आयुष्यात पहिल्यांदा.

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. यानंतर करण्याइतका दम राहिला तर बघू.

ठिकाण: तांबडखार, तालुका पेण
दिनांक: १२ मार्च २०२६

सही: धोंडुबाई महिपती घरत

लेखनिक: हैबतराव शिर्के, रोहा. (सांगितलं तसंच लिहिलं. २०११ चा तो गोल ऑफसाइड होता.)

साक्षीदार १: वैशाली पाटील, पोलीस पाटील, तांबडखार

साक्षीदार २: सुशील महिपती घरत. आईने माझ्यासमोर सही केली, ती शुद्धीत आहे. कलम ७ वाचलं. त्या दिवशी संध्याकाळी उघाडीवर पहिला मीच पोचलो होतो. फळ्या वाहून गेल्या नव्हत्या, बांधावर एकावर एक नीट रचून ठेवल्या होत्या, आणि गावात फळ्या तशा रचणारी एकच बाई आहे. त्या मीच खाडीत सोडल्या, कोणाला कळू नये म्हणून. संमतीपत्र आज फाडलं. लीगबद्दल माझं मत बदललेलं नाय.